ताप, कॅज्युअल्टी आणि पेट स्कॅन: धायरीच्या एका कुटुंबाचं प्रकरण

पुण्याच्या धायरी उपनगरात राहणाऱ्या एका रुग्ण काकूंचं हे प्रकरण त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार, उपचार आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे.

मी पुण्यात कॅन्सरच्या रुग्णांसाठी समुपदेशनाचं काम करते. किमोच्या काळात माणसं सर्वांत जास्त खचतात ती दोन ठिकाणी: अवेळी कॅज्युअल्टी गाठावी लागते तेव्हा, आणि स्कॅन झाल्यापासून रिपोर्ट कळेपर्यंत. अशा वेळी धीर देणारे पुष्कळ असतात. "घाबरू नका, पॉझिटिव्ह राहा," असं जो तो सांगतो. भीती नेमकी कशाची वाटते, हे विचारणारे फार थोडे. काकूंच्या बाबतीत त्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरलं, म्हणून हे सविस्तर मांडते आहे.

आजार आणि घर

काकू 58 वर्षांच्या. हवेली आणि वेल्हे तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेल्या शिक्षिका. काका खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा हिंजवडीत नोकरीला, सून घरून काम करते, तीन वर्षांचा नातू, आणि मुलगी नाशिकला दिलेली. काकूंना मधुमेह आहे, त्यासाठी मेटफॉर्मिन चालू होतं.

उन्हाळ्यात मानेला गाठ आली. दुखत नव्हती म्हणून त्यांनी ती अंगावर काढली. बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा निघाला. लसिका ग्रंथींचा हा कॅन्सर वेगाने वाढतो, पण उपचारांना चांगली दादही देतो, आणि आजार पूर्ण बरा करायचा याच उद्देशाने डॉक्टरांनी उपचार आखले होते. आजार शरीरात कुठे आहे ते दाखवणाऱ्या पहिल्या पेट स्कॅनमध्ये मानेत, छातीत आणि पोटात गाठी होत्या. हाडांच्या मज्जेत काही नव्हतं. मज्जेची ही नोंद लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरूनच घरात रडारड झाली.

आर-चॉप ही किमो ठरली. दर 21 दिवसांनी एक अशा सहा सायकली. त्यात रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि व्हिन्क्रिस्टिन सलाईनमधून, आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पाच दिवस. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर घरच्यांनी तो आठवडाभर काकूंपासून लपवला होता. "गाठीला पू झालाय, मोठ्या डॉक्टरांना दाखवू," असं सांगितलं. आपल्याकडे हे घरोघरी होतं आणि प्रेमापोटीच होतं. काकूंना खरं कळलं ते हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये, विभागाच्या नावाची पाटी वाचून.

पहिला ताप

पहिल्या किमोनंतरचा नववा दिवस. बाहेर पावसाची झड लागलेली. रात्री साडेनऊला काकूंना थंडी वाजली आणि ताप 101.2 भरला. धायरीत त्या वेळी डेंग्यूची साथ होती, शेजारच्या दोन घरांत रुग्ण होते. काकांनी क्रोसिन दिली, तासाभरात ताप 99 वर आला, सगळे झोपले.

इथे काय चुकत होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. किमो वेगाने वाढणाऱ्या पेशींना मारते आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांतच मोडतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी पहिली लढाई देतात. त्यांचा आकडा 500 च्या खाली गेला की आतड्यात एरवी मुकाट राहणारे जंतूही रक्तात उतरू शकतात. आणि गंमत नाही, धोका असा की अशा वेळी संसर्गाच्या नेहमीच्या खुणा दिसतच नाहीत. पू होतो, सूज येते, खोकल्यात बेडका पडतो, ते सगळं पांढऱ्या पेशींच्याच कामामुळे. पेशीच नसतील तर फक्त ताप येतो. तेवढी एकच खूण आपल्या हातात असते आणि ती आपण क्रोसिनने पुसून टाकतो.

पहाटे तीनला हुडहुडी भरली. पेशंटला घेऊन जवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात गेले. किमो चालू असल्याचं काकांनी सांगितलं, पण ते केस पेपर करणाऱ्या माणसाला. आत डॉक्टरांपर्यंत ते पोचलं नाही. डेंग्यूची तपासणी झाली, डिपॉझिटचं बोलणं झालं, बेड रिकामा होईपर्यंत काकू बाहेर खुर्चीत बसून राहिल्या. ऑन्कॉलॉजिस्टचा, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचा, इमर्जन्सी नंबर डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या पानावर छापलेला होता. फाईल कपाटात होती. मुलाला तो सापडला सकाळी सात वाजता, आणि तिकडून उत्तर आलं, "असाल तसे निघा."

कॅन्सर हॉस्पिटलात पोचल्या तेव्हा बीपी 84/50, न्यूट्रोफिल 200. पोर्टमधून (किमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीतून) आणि हातातून अशी दोन्हीकडून ब्लड कल्चरं, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघण्याचे नमुने, घेतली आणि तिथेच पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवस आयसीयू. कल्चरमध्ये ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू उगवला. अशा तापात रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेत जायला हवं, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. काकूंना ते ताप आल्यापासून दहा तासांनी मिळालं. त्या वाचल्या, आणि याचं श्रेय त्या सकाळी ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरांना आणि सिस्टरना द्यायला हवं.

एक गोष्ट सर्वांना माहीत असावी. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी लगेच उपचार देणं हे त्याचं कर्तव्यच आहे. पहाटे तीन वाजता खुर्चीत बसलेल्या बाईच्या घरच्यांनी हे कुणाला ऐकवायचं आणि कसं, हा प्रश्न उरतोच. म्हणून तयारी त्याआधीच करावी लागते.

"मला तिथे परत न्यायचं नाही"

डिस्चार्जच्या आधी काकू माझ्याकडे आल्या, म्हणजे काकांनी त्यांना आणलं. काकांची तक्रार अशी की ही किमोला तयार आहे, पण पुन्हा ताप आला तर दवाखान्यात जाणार नाही म्हणते. काकू शांतपणे म्हणाल्या, "किमो घेते. सुया टोचा, काय हवं ते करा. पण कॅज्युअल्टीत मला न्यायचं नाही. काय व्हायचं ते घरी होऊ दे."

हे बोलणं ऐकलं की घरचे दोनच गोष्टी करतात, समजूत घालतात नाहीतर रागावतात. काकांनी दोन्ही करून पाहिलं होतं. मी त्यांना चहा घेऊन यायला सांगितलं आणि काकूंना विचारलं, त्या पहाटे सगळ्यात वाईट काय झालं?

मला वाटलं होतं त्या आयसीयूबद्दल बोलतील. त्या खुर्चीबद्दल बोलल्या. हुडहुडी भरलेली, लघवीला लागलेली. काका पैशांच्या खिडकीवर, मुलगा गाडी लावायला गेलेला. एका वॉर्डबॉयला विचारलं, तो "थांबा" म्हणून गेला. उठायला गेल्या तर पाय कापत होते. समोर वीसेक माणसं बसलेली. "तिथेच झालं गं," त्या म्हणाल्या. "साडीवर. मी शाल पसरून बसले. गावात शिरले तर माणसं उठून नमस्कार करायची मला." हे त्यांनी ना काकांना सांगितलं होतं ना सुनेला. आयसीयूत साडी बदलली तेव्हा सिस्टरला कळलं असेल तेवढंच.

काकूंना मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्यांना घरी धरून ठेवणारी भीती ती नव्हती. पुन्हा चारचौघांत अशी शोभा होईल, या भीतीने त्या जीव धोक्यात घालायला तयार होत्या. अशा माणसाला सेप्सिसची, म्हणजे संसर्गाने जीव धोक्यात येण्याची, आकडेवारी सांगून काही उपयोग नसतो. ती तर त्यांनी आयसीयूत स्वतः भोगली होती.

मग स्कॅनचं विचारलं, कारण पुढच्या पेट स्कॅनच्या नावानेही त्यांच्या पोटात गोळा येत होता. आमच्याकडे स्कॅनचा विभाग आणि कॅज्युअल्टी एकाच उतारावरून खाली आहेत, एक कारण ते. दुसरं त्यांनी असं सांगितलं: "मशिनचं काही नाही. रिपोर्ट आला की हे दोघं बाहेर जाऊन कुजबुजतात. मला त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं."

दोन भीत्या, दोन्ही अगदी नेमक्या, आणि दोन्हींवर करण्यासारखं काहीतरी होतं.

कागद

पुढच्या भेटीत काका, मुलगा आणि सून तिघांनाही बोलावलं. काय झालं होतं ते सुनेला सांगायची परवानगी काकूंनी दिली. काकांना त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. मग एक कागद लिहिला, काकूंच्याच वळणदार अक्षरात. त्याच्या प्रती फ्रिजवर, गाडीच्या कप्प्यात आणि सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवल्या.

पहिली ओळ: ताप 100.4 किंवा जास्त, की आधी फोन. गोळी नाही. शंभर अंश चार म्हणजे 38 सेल्सिअस, आमच्या डॉक्टरांनी दिलेली मर्यादा. ताप नसला तरी थंडी वाजून अंग थरथरलं तर तेच करायचं. रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. "डॉक्टरांना एवढ्या रात्री कशाला त्रास" हा विचार पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत किती खोल रुजलेला आहे हे मी रोज बघते. तो नंबर एका डॉक्टरच्या उशाशी वाजत नाही, ड्यूटीवर जागं असलेलं माणूस तो उचलतं, एवढं कळल्यावर काकांचा संकोच बराचसा गेला.

दुसरी ओळ दारात म्हणायची. हे वाक्य आम्ही सगळ्यांकडून पाठ करून घेतलं: "लिम्फोमाची किमो चालू आहे, शेवटची किमो अमुक तारखेला झाली, ताप इतका आहे, पेशी कमी असतील, कल्चर घेऊन लगेच अँटिबायोटिक हवं." केस पेपरच्या खिडकीवर हे सांगून उपयोग नाही, आतल्या डॉक्टरला किंवा सिस्टरला तोंडावर सांगायचं. सोबत डॉक्टरांच्या सहीचं पत्र, त्यात हेच लिहिलेलं. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही, एनिमा किंवा सपोझिटरी द्यायची नाही, दंडात-कमरेत इंजेक्शन द्यायचं नाही, हेही त्यातच होतं, कारण पेशी कमी असताना त्यातून संसर्ग किंवा रक्तस्राव होऊ शकतो.

तिसरी ओळ काकूंची. सोबत सून असेल, ती काकूंचा हात सोडणार नाही. पैसे, गाडी, फॉर्म हे पुरुषांनी बघायचं. पिशवीत पुढून बटणं असलेला गाऊन, मोठ्यांचा डायपर, एक चादर, मास्क. ताप आला की घरातून निघतानाच साडी बदलून गाऊन घालायचा. डायपरचं नाव काढल्यावर मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही कुणी सुचवलं?"

रस्त्याचंही ठरलं. संध्याकाळी सिंहगड रस्ता तुंबतो, तेव्हा नवले पुलाकडून बायपासने वारजे आणि मग आत. शुद्ध हरपली, दम लागला किंवा बीपी फार उतरलं तर मात्र 108 ला फोन. ती सेवा साधारणपणे जवळच्या योग्य रुग्णालयात नेते, आणि तशा वेळी तेच बरोबर.

काका तोपर्यंत दर अर्ध्या तासाने ताप मोजून कालनिर्णयच्या मागे लिहीत होते. पान भरून गेलं होतं. 98.8 ला त्यांचा चेहरा पडे आणि तो बघून काकूंची छाती धडधडे. सकाळ, संध्याकाळ आणि अंगात कसर वाटली तर, एवढंच मोजायचं ठरलं. हे पाळणं काकांना सगळ्यात जड गेलं.

गौरीजेवणाच्या दिवशी

दुसऱ्या सायकलपासून किमोनंतर दुसऱ्या दिवशी पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन सुरू झालं. त्याने तापाचा धोका कमी होतो, जात नाही. दुसरी सायकल सुरळीत गेली. तिसऱ्या सायकलचा नववा दिवस नेमका गौरीजेवणाचा आला.

काकूंनी त्या वर्षी स्वयंपाकाला हात लावला नव्हता आणि पाहुणे मोजकेच होते, तरी घर भरलेलं होतं. दुपारी चारला, हळदीकुंकवाच्या बायका यायच्या वेळेस, त्यांना पाठीतून शिरशिरी आली. सवाष्णींसमोर, गौरीपुढे, घरच्या लक्ष्मीने आजारपण काढायचं नाही, हे संस्कार साठी जवळ आलेल्या बाईच्या अंगात मुरलेले असतात. नंतर त्यांनीच सांगितलं की मनात आलं, दिवे लागेपर्यंत काढू. मग त्या आत गेल्या, थर्मामीटर लावला, 100.9. सुनेला हाक मारली आणि म्हणाल्या, "गाऊन काढ."

पाच मिनिटांत फोन झाला. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, म्हणून बायपासने निघाले. दारात सुनेने ते वाक्य म्हटलं. सिस्टरने फाईल न बघता आत घेतलं, पोर्टला सुई लावली, कल्चर घेतलं आणि पाऊण तासात अँटिबायोटिक चालू झालं. न्यूट्रोफिल 400 होते, बीपी व्यवस्थित. ज्या रुग्णांना धोका कमी असतो त्यांना अशा वेळी गोळ्या देऊन घरी पाठवण्याचाही विचार होतो. काकूंना मधुमेह आणि आधीचा सेप्सिस, म्हणून ठेवून घेतलं. आयसीयू लागलं नाही. चार दिवसांनी घरी.

टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेची, मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उपचार त्यासाठी अडले नाहीत. मुलाने पॉलिसीचं कार्ड आणि आधार त्या पिशवीतच ठेवलं होतं.

स्कॅन

आजार किती हटला हे बघायला तिसऱ्या सायकलनंतर पेट स्कॅन ठरला होता. तारीख चौथ्या किमोच्या अगदी तोंडावर घेतात, कारण किमोनंतर लगेच स्कॅन केला तर औषधामुळे झालेला दाहच दिसत राहतो. ती तारीख पितृपक्षात आली. काकूंच्या थोरल्या जाऊबाईंनी फोन करून सांगितलं की पंधरवडा जाऊ दे. काकूंनी त्यांना एवढंच सांगितलं की माझ्या सासूबाई वर आहेत, त्या माझं वाईट नाही करायच्या. हे उत्तर मला फार आवडलं. कुणाचीही श्रद्धा न दुखावता तारीख तीच राहिली.

पेट स्कॅनमध्ये फ्लोरिन-18 लावलेली साखर, म्हणजे एफडीजी, शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खेचतात, म्हणून त्या जागा उजळतात. या औषधाचा किरणोत्सर्ग साधारण 110 मिनिटांत निम्मा होतो, म्हणूनच सेंटरवाले वेळेबाबत इतके कडक असतात. तुम्ही उशिरा गेलात तर औषध थांबून राहत नाही. आधी निदान सहा तास उपाशी, पाणी चालतं. रक्तातली साखर 200 च्या आत हवी, नाहीतर स्कॅन पुढे ढकलतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात, म्हणून सेंटरच्या सांगण्यावरून ते दोन दिवस बंद ठेवलं होतं. हे मनाने करायचं नाही, विचारूनच करायचं. आदल्या दिवशी फिरायला जाणं, पायऱ्या चढणं बंद, कारण दमलेले स्नायूही साखर खेचतात. अंग गरम ठेवायचं, थंडीने आखडलं तर मानेजवळची चरबी उजळते आणि मानेतच आजार असलेल्या माणसाच्या फोटोत ती गोंधळ करते. काकू स्वेटर घालून गेल्या.

उताराचा प्रश्न साधा होता. लिफ्टने मागच्या बाजूनेही खाली जाता येतं, कॅज्युअल्टीचं दार दिसत नाही. स्कॅनच्या बाईंनी आदल्या दिवशी तो रस्ता दाखवला.

इंजेक्शननंतर तासभर एका मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहावं लागतं. बोलायचं नाही, मोबाइल नाही, जपाची माळ ओढायची नाही. बोललं तर घशाचे स्नायू उजळतात. पुष्कळ रुग्णांचा हाच तास सगळ्यात वाईट जातो. रामरक्षा, अथर्वशीर्ष मनात म्हणा असं मी बहुतेकांना सुचवते. काकूंचं म्हणणं, देवाचं नाव घेतलं की मन मागणं मागायला लागतं आणि मग धडधड वाढते. त्यांनी दुसरंच केलं. पाढे म्हटले. साधे नव्हेत, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. मनात, ओठ न हलवता, चुकलं की त्या पाढ्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा. मशिनमध्ये हात डोक्यावर घेऊन पडल्या तेव्हा सवायकीत अडकल्या होत्या आणि टेबल बाहेर आलं तेव्हा अजून सुटल्या नव्हत्या. डोकं पूर्ण गुंतवून ठेवेल इतकं अवघड आणि मनाला भिडणार नाही इतकं कोरडं असं काही प्रत्येकाकडे असतं. ते आधी शोधून ठेवावं.

घरी आल्यावर रात्रीपर्यंत नातवाला कडेवर घ्यायचं नाही असं सेंटरने सांगितलं होतं. भरपूर पाणी प्यायचं, औषध लघवीवाटे निघून जातं.

शनिवार संध्याकाळ

ठरलं असं होतं की रिपोर्ट कुणी उघडायचा नाही, सोमवारी ओपीडीत डॉक्टरांसमोर काकूंनीच ऐकायचा. पण लिंक मुलाच्या मोबाइलवर आली, शनिवारी संध्याकाळी, आणि त्याला राहवलं नाही. त्याने शेवटच्या परिच्छेदावर नजर टाकली. हाडांच्या मज्जेत सर्वत्र अपटेक, म्हणजे साखर खेचणं, वाढल्याचं लिहिलं होतं. आधीच्या स्कॅनमध्ये मज्जा स्वच्छ होती. उजव्या फुप्फुसातही खाली एक ठिपका. त्याने इंटरनेटवर शोधलं आणि आजार चौथ्या टप्प्यात गेला असं धरून बसला. गच्चीवर जाऊन बहिणीला फोन केला. ती रात्रीची गाडी पकडून रविवारी सकाळी दारात.

काकूंनी दार उघडलं, मुलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय ना?"

त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि मुलाला रिपोर्ट मोठ्याने वाचायला लावला, पहिल्या ओळीपासून, एकही ओळ न गाळता. इंग्रजी अडेल तिथे सून समजावत होती. दुसऱ्याच परिच्छेदात होतं की मानेतल्या, छातीतल्या आणि पोटातल्या गाठी आधीच्या तुलनेत पूर्ण विझल्या आहेत, डोव्हिल स्कोअर 2. डोव्हिल ही एक ते पाचची मोजपट्टी आहे. उरलेली चमक यकृताच्या चमकेपेक्षा कमी असेल तर उपचार चांगले लागू पडले असं धरतात. आणि मज्जेच्या वाक्यातच पुढे होतं की हे पेशी वाढवणाऱ्या इंजेक्शनमुळे असण्याची शक्यता आहे. मुलाने तेवढं वाचलंच नव्हतं. घाबरलेला माणूस रिपोर्ट वाचत नाही, त्यात शोधत असतो.

सोमवारी डॉक्टरांनी तेच सांगितलं. पेगफिलग्रास्टिम मज्जेला कामाला लावतं, कामाला लागलेली मज्जा साखर खेचते आणि सगळी सारखीच उजळते. आजार असता तर बहुधा इथे-तिथे ठिपक्यांनी दिसला असता. फुप्फुसातला डाग बहुधा गौरीच्या वेळच्या संसर्गाचा. पुढच्या स्कॅनमध्ये बघू. किमोत बदल नाही.

मुलाला मी दोष देत नाही. शनिवारी संध्याकाळी हातात आलेली ती लिंक न उघडणं कुणालाही अवघड. पण त्यानंतर दोन बदल केले. लिंक काकूंच्याच मोबाइलवर येईल अशी नोंद केली, आणि पुढचा स्कॅन आठवड्याच्या सुरुवातीला घेऊन दुसऱ्या दिवसाची ओपीडी आधीच बुक केली. मधला काळ जितका कमी, तितका घरात कमी घोळ. आधीच्या स्कॅनची सीडीही सोबत दिली, कारण तुलनेशिवाय लिहिलेला रिपोर्ट अर्धाच असतो.

आता

बाकीच्या सायकली झाल्या, पाचवीनंतर एकदा ताप आला, तो 99.6 च्या वर गेला नाही, फोनवरच निभावलं. शेवटच्या किमोनंतर सात आठवडे थांबून केलेल्या स्कॅनमध्ये गाठी नाहीत, मज्जा शांत, फुप्फुसातला डाग गेलेला.

त्यानंतर काकूंनी एक अनपेक्षित मागणी केली. दर तीन महिन्यांनी स्कॅन करा म्हणाल्या. ज्याच्या नावाने पोटात गोळा यायचा, तोच आता त्यांना आधार वाटू लागला होता, आणि हे मी बऱ्याच रुग्णांत बघते. डॉक्टरांनी नाही सांगितलं. लक्षणं नसताना नुसती खात्री करून घ्यायला वरचेवर स्कॅन केल्याने या आजारात आयुष्य वाढत नाही, उलट किरकोळ डागांवरून पुन्हा बायोप्सी आणि पुन्हा तीच धावपळ होते, शिवाय किरणोत्सर्ग. त्याऐवजी दर तीन महिन्यांनी तपासणी आणि रक्त. मधल्या काळात नवी गाठ, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, कारण नसताना उतरणारं वजन किंवा न हटणारा ताप यांपैकी काही दिसलं तर लगेच यायचं. काकूंना हे पटायला दोन भेटी लागल्या. पोर्ट अजून काढलेला नाही, त्यामुळे ताप आला तर फोन करायचा नियम सध्या चालूच आहे.

काकांची झोप मात्र परतलेली नाही. पहाटे तीनला जाग येते, काकूंच्या कपाळाला हात लावून बघतात आणि मग उजाडेपर्यंत बसून राहतात. आता ते माझ्याकडे येतात, एकटे. आयसीयूच्या दाराबाहेर काढलेल्या त्या दोन रात्रींबद्दल त्यांच्याशी अजूनपर्यंत कुणीच बोललेलं नव्हतं.